अठरा कोयते, एक पेटी

स्वयंपाकघरातला नळ खोकला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा अशीच घसा खाकरत येते आणि केडगावातल्या कुठल्याही बाईला तो आवाज झोपेतूनही ऐकू येतो. मी तर जागीच होते. दुपार होती. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, शेजारी सवाष्ण म्हणून जेवायला गेल्या होत्या. दिशा माझ्या मांडीला डोकं टेकून झोपली होती आणि माझ्यासमोर फुलस्केप कागदावर सातवा रकाना कोरा होता. लाभार्थी संख्या.

दिशाचं डोकं उचलून उशीवर ठेवताना ती झोपेतच "आई" म्हणाली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "इथंच आहे मी," म्हटलं आणि हंडे लावायला पळाले. चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून मी कागद भरत बसले असते, तरी घरात मला कोणी बोललं नसतं. पण आमच्याकडं न बोलण्याचेही प्रकार आहेत, आणि ते सगळे मला ओळखू येतात.

भांडी भरेपर्यंत दिशा उठली. तो तास गेला.

माझे तास असेच जातात. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम मी बाहेरून करते. रविवारी नगरला वर्ग, बाकी घरी. पंकज, माझा नवरा, एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. तो म्हणतो, कर की. आत्या म्हणतात, कर, पण दिशा पहिलीत जायच्या आत उरक. तेव्हा मी दिशाच्या झोपेत, कुकर गार होईपर्यंत, आत्या हरिपाठाला गेल्या की, असं तुकड्यातुकड्यानं शिकते.

शेवटचं काम होतं अनुदानाचा प्रस्ताव. एखादा ग्रंथालय प्रकल्प मनात धरायचा आणि देणगी देणाऱ्या संस्थेला पाठवायचा असा पूर्ण अर्ज तयार करायचा: उद्दिष्ट, गरज, लाभार्थी, खर्च, सगळं. वर्गातल्या बाकीच्यांनी गावची वाचनालयं घेतली, नवी कपाटं, कॉम्प्युटर. मी पेटी घेतली.

पत्र्याची पेटी, लग्नात देतात तशी. तिच्यात मुलांची पुस्तकं. पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवरची टोळी दसऱ्यानंतर ऊस तोडायला निघते, तेव्हा ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्याशेजारी ती पेटी चढवायची. कारखान्यावर जिथं पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतील तिथं एका कोपीत ती ठेवायची आणि संध्याकाळी उघडायची. बस, एवढंच. चौथीपर्यंत मीही आई-दादांबरोबर त्या कोप्यांत राहिले आहे. वाचायला मिळायच्या खताच्या गोण्या. अजून मला एका खताचं मिश्रण तोंडपाठ आहे. पुढं दादांनी मला वसतिगृहात घातलं म्हणून आज हा अर्ज तरी लिहिता येतोय.

नुसता अभ्यास असता तर मी एवढी घाबरले नसते. पण वर्गावरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, की सगळ्यांतला एक प्रस्ताव त्या खरोखर पाठवणार आहेत. पुण्यात त्यांच्या ओळखीचा एक ट्रस्ट आहे, लहान कामांना पैसे देतो, आणि नवरात्राच्या आत कळवतो. म्हणजे टोळी निघायच्या आत. मार्क गेले तर पुन्हा परीक्षा देता येते. ट्रक पुन्हा येत नाही.

कच्चा अर्ज मी मागच्या रविवारी दाखवला. मॅडम मूळच्या नागपूरकडच्या. वाचता वाचता थांबल्या.

"जयमाला, हे काय? 'सदर टोळीत अठरा कोयते आहेत.' अनुदानातून अवजारं घेता येत नाहीत."

मला कळेचना त्या काय म्हणताहेत. मागच्या बाकावरून आदिनाथ म्हणाला, "घेऊ द्या मॅडम. वाचनालयात आवाज करणाऱ्यांसाठी लागतील." हा आदिनाथ एका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई आहे आणि वर्गात सगळ्यांत जास्त आवाज तोच करतो.

"आणि अर्ज घेऊन पुण्यात जपून जा," दुसरं कुणी म्हणालं. "कोयत्याचं नाव काढलं की आत टाकतात हल्ली."

सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान तापले होते. मी तो शब्द विचार करून लिहिलाच नव्हता. आमच्याकडं माणसं तशीच मोजतात.

"कोयता म्हणजे जोडी, मॅडम," मी म्हटलं. "नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळी बांधते. दोघांचा मिळून एक कोयता."

"आणि एकटं माणूस असेल तर?"

"अर्धा कोयता."

मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमचे हे छत्तीस लोक झाले. पण पुस्तकं त्यांच्यासाठी नाहीत ना? ट्रस्टला मुलं हवीत. किती, कितवीतली, वाचता येतं का. आणि आकडा खरा लिहा. ते फोन करून विचारतात."

सुटताना आदिनाथ जवळ येऊन हळूच म्हणाला, "पन्नास टाका ताई. वजन पडतं. कोन येतंय मोजायला?"

वजन पडलं असतं हे खरं. आदिनाथनं स्वतःच्या अर्जात अख्खं गाव लाभार्थी म्हणून दाखवलं होतं, तान्ह्या मुलांसकट.

सोमवारी कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी सहादेवनानांना फोन लावला. नाना माझे चुलते, टोळीचे मुकादम. माणसं जमवायची, त्यांना उचल म्हणजे आगाऊ पैसे द्यायचे, कारखान्यावर न्यायची, परत आणायची हे त्यांचं काम.

"नाना, यंदा टोळीत किती?"

"आठरा कोयतं," नाना लगेच म्हणाले. "सतरा पुरं आन दोन आर्दं. त्या आर्द्यातला एक लई आळशी हाय, त्याला पाव धर."

"आणि लेकरं?"

"कुनाची?"

"टोळीतली. बरोबर जाणारी."

फोनमध्ये नुसती शेळी ओरडल्याचं ऐकू आलं. नाना विचार करत होते. जोड्या त्यांना नावागावासकट पाठ, कोण कुठल्या साली पळून आला तेही पाठ.

"लेकरं व्हय," शेवटी म्हणाले. "आसतील की. त्येंचं कोन मोजतं, जयमाले? लेकरं काय, मावत्यात ट्रकात."

पेटीचं थोडक्यात सांगून मी फोन ठेवला. दूध उतू गेलं होतं. आत्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "मुकादमाला कशाला इचारती? त्येला उचल दिल्याली मानसं ठावं. लेकरं बायांना इचारावी."

मी चमकून बघितलं. आत्यांचं माहेरही पाथर्डीकडचंच, पण त्या बाजूची गोष्ट त्या कधी काढत नाहीत. शेजारणींना सांगतात, आमची सून लायब्रीचं शिकती. पेटी कुठं जाणार ते सांगत नाहीत. त्या दिवशीही त्यांनी फडकं पिळलं आणि विषय संपवला.

गुरुवारी पंकजची रात्रपाळी होती, तो घरी झोपलेला. मी दिशाला घेऊन पाथर्डीची एसटी धरली. संध्याकाळी सातच्या आत परत येते म्हणून सांगितलं. रस्ताभर दिशा खिडकीत. करंजीचा घाट आला तशी माझ्या अंगावर रेलली आणि म्हणाली, "आई, तू ओठ का खातेस?" मी खात होते खरी.

वस्तीवर लंकाकाकू, नानांची बायको, अंगणात मूग पाखडत होत्या. त्यांच्या सुनेच्या, ज्योतीवहिनीच्या कडेवर पार्थ. दीडेक वर्षाचा, सारखा खाली उतरू बघणारा. आणि पायरीवर संस्कृती, वहिनीची मोठी, तिसरीतली. तिच्या हातात औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो बारीक अक्षरांचा कागद होता. तिनं मला बघितलं, हसली आणि पुन्हा कागदात गेली. पेटीची किल्ली कुणाकडं द्यायची, हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर हीच पोरगी होती, किंवा खरं सांगायचं तर हिच्यासारखी कुणीतरी. कारण संस्कृती जात नाही. तिचे आई-बाप जातात. ती लंकाकाकूंपाशी राहते आणि शाळा करते. दोन वर्षं असंच चाललंय.

काकू मोजायला बसल्या. मुगाचे दाणे घेतले, एकेका घराचं नाव घेऊन एकेक दाणा बाजूला.

"ह्या घरची तीन. न्हाई, थोरला आता मोळी बांदतो, त्येला लेकरात नगं धरू. पुढच्या साली आर्दा कोयता व्हईल त्यो."

"किती वर्षांचा आहे?"

"आसंल तेरा-चौदा."

मी दाणा परत ठेवला. काकूंनी तो पुन्हा उचलून सुपात टाकला. "तुज्या पुस्तकाचं त्येला काय? सांच्याला आडवा झाला की सकाळ."

असं करत करत ओळ वाढली. एकीचं अजून ठरलं नव्हतं. मुलीला बहिणीकडं ठेवायचं का न्यायचं. दुसरीचा मुलगा हंगामी वसतिगृहात राहतो म्हणाला होता, पण पळून येतो. प्रत्येक दाण्याबरोबर एक 'बगू' होतं. मला आकडा हवा होता आणि मला नुसते 'बगू' मिळत होते. नवरात्राच्या आत कळायचं, रविवारी द्यायचं, पाचची एसटी. माझ्या डोक्यात हे सगळं एकावर एक चढत होतं.

नाना तोवर दिशाला मांडीवर घेऊन बसले होते. "हे बग, मी आन तुजी लंकाआजी, एक कोयता. म्हातारा हाय, पन हाय. तुजा मच्छिंद्रमामा आन ज्योतीमामी, एक कोयता. तुजा बाप आन तुजी आई..."

"एक कोयता," दिशा म्हणाली.

"एक. पन बाप कंपनीत आन आई पुस्तकात. ह्यो कोयता ऊस काय तोडनार?"

दिशाला ते फार आवडलं. अंगणात दिसेल त्या दोन माणसांना ती कोयता करत सुटली. कोंबडा आणि कोंबडीचाही झाला.

काकूंनी शेवटचा दाणा ठेवला. मी कागदावर आकडा लिहिणार, तेवढ्यात ज्योतीवहिनी पार्थला खाली सोडत म्हणाल्या, "आन आमची संस्कृती धरा, ताई."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "ती इथं असते ना काकूंजवळ."

"यंदा नेनार. ह्यो बगा ना," पार्थ दाराबाहेर निघाला होता, त्याला त्यांनी सदऱ्याला धरून ओढलं. "ह्येला झोळीत किती टाकून ठिवायचं? उसाच्या फडात ह्येला कोन बगनार? दोन महिनं झालं आमचं हेच चाललंय. मन न्हाई म्हनत हुतं. पोरीची शाळा मोडंल, ती हुशार हाय, सर म्हनत्यात. पन नाना म्हनले तुमी पेटी देनार हाय. पुस्तकं तितंच येनार. मग इथं ठिवून तरी काय? तितंच वाचंल, ह्येलाबी बगंल." आणि त्यांनी माझा हात धरला, त्यांच्या तळहाताला चरे होते. "ताई, तुमच्यामुळं मन हलकं झालं बगा. आमच्यासाटी एवढं कोन करतं?"

मी "शाळा, वहिनी," एवढंच म्हणाले.

"सर घेत्यात समजून. परत आली की बसवत्यात वर्गात."

"मी हाय की हितं," लंकाकाकू सुपाकडं बघत म्हणाल्या. "मला जड न्हाई ती."

"तुमी हाय वो आत्याबाई. पन पार्थला कोन हाय?"

काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं. मी सांगू शकत होते, की पेटी म्हणजे शाळा नाही. की पेटीत पुस्तकं असतील आणि ती संपतील. की मीच तशी राहिले आहे, वहिनी, आणि चौथीपर्यंत मला भागाकार येत नव्हता. पण हे सगळं बोलून वर मी पार्थला दिवसभर कुठं ठेवा म्हणणार होते? मी पदरानं दिशाचं नाक पुसलं, जे स्वच्छच होतं.

संस्कृतीनं पायरीवरून मला विचारलं, "आत्या, पेटीत मोठी पुस्तकं असतील ना? का नुसती चित्रांचीच?"

"मोठीपण असतील," मी म्हटलं.

ती इतकी खूश झाली की औषधाचा कागद घडी करून तिनं दिशाला देऊन टाकला.

एसटीत मी तो आकडा दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. पेटी मिळाली तर एक मुलगी वाढते. वाढते म्हणजे काय, शाळेतून उठते आणि माझ्या रकान्यात येऊन बसते. ट्रस्टला ती लाभार्थी दिसेल. मॅडमना दिसेल. छापायला फोटो हवा असला तर सगळ्यांत चांगला तिचाच येईल, कोपीच्या दाराशी, पुस्तक घेऊन, मांडीवर पार्थ.

आणि पेटी नाही दिली, तर बाकीची जी जाणारच आहेत ती? ज्यांच्या घरी लंकाकाकू नाहीत ती? ती पुन्हा गोण्याच वाचणार.

घरी पोचेपर्यंत पाच-सात मिनिटं उशीर झाला होता, पंकज गाडी काढून निघायच्या तयारीत. "झालं काम?" म्हणाला. मी मान हलवली, ती कशीही वाचता आली असती. तो गेल्यावर भाकऱ्या करताना मी आत्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. त्या लसूण सोलत होत्या.

"पेटी नसती तर तिनं पोरगी ठिवली आसती आसं वाटतंय व्हय तुला?" त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं ठेवलीच की."

"तवा पार्थ चालत नव्हता." एक पाकळी सोलून झाली. "तिला न्यायचीच हुती. मानसाला कारन लागतं. तू दिलंस." मग माझ्याकडं न बघता, "माजी आई मला न्यायची ना, तिला तर कारनबी कुनी दिलं न्हाई."

मी भाकरी उलटायची विसरले. आत्यांनी ती उलटली आणि करपलेली बाजू स्वतःच्या ताटात घेतली.

शुक्रवारी मी मॅडमना फोन केला. आडून विचारलं, की अशी अट घालता येईल का, की ज्या मुलाची इथं राहायची सोय आहे त्याला पेटीतलं पुस्तक मिळणार नाही. म्हणजे पेटीसाठी म्हणून त्याला कोणी नेणार नाही. मॅडम म्हणाल्या, "पुस्तक द्यायचं नाही अशी अट? वाचनालयाच्या अर्जात? जयमाला, असं कसं दिसेल ते?" त्यांचंही बरोबर होतं. लिहून बघितलं तर मलाच वाचवेना. कोपीच्या दाराशी एक पोरगी येते आणि तिला सांगायचं, तू नाही, तू शाळेत असायला हवी होतीस.

मग मी दोन पेट्या लिहिल्या. एक टोळीबरोबर जाणारी, एक वस्तीवर लंकाकाकूंच्या घरी राहणारी. जी राहतील त्यांना रोज, पुस्तकंही मोठी, जरा जास्तच चांगली. आमिषच ते. खर्चाचा रकाना पुन्हा केला. दोन पेट्या म्हणजे अर्ज मोठा झाला, आणि मोठे अर्ज नाकारायला सोपे, हे आदिनाथसुद्धा सांगेल. आणि एवढं करून पार्थला कोण बघणार ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मी शोधलं. 'इतर' होतं, त्यात दीड ओळ जागा होती.

शनिवारी दुपारी पक्की प्रत लिहायला घेतली. आत्या बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. त्या दिवशी हरिपाठाला गेल्या नाहीत, दिशाला घेते म्हणाल्या, पण दिशा काही त्यांच्याजवळ थांबेना. ती माझ्यासमोर पालथी पडून औषधाचा तो कागद वाचत होती, म्हणजे तिला येणारी अक्षरं बोटानं शोधत होती. नळ गप्प होता. सहा रकाने झाले. सातवा मी दोन भागांत आखला: टोळीबरोबर जाणारी मुले, वस्तीवर राहणारी मुले. मुगाचे दाणे आठवत आकडा लिहायचा आणि पुढं नाव, इयत्ता. लिहीत गेले. शेवटी एक नाव उरलं आणि माझं पेन दोन्हींच्या मधल्या रेघेवर थांबलं. रविवार उद्या होता.

दिशा उठून माझ्या पाठीला चिकटली. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर, श्वासाला शेंगदाण्याच्या लाडवाचा वास. ती बोटं मोजत होती.

"नाना आणि लंकाआजी, एक कोयता. मच्छिंद्रमामा आणि मामी, एक कोयता. तू आणि पप्पा, एक कोयता." तिसरं बोट तिनं बराच वेळ वर धरून ठेवलं. "आणि संस्कृतीताई?"

"ती लहान आहे. लहान मुलांचा कोयता नसतो."

ती माझ्या खांद्यावरून कागदावर वाकली. 'सं' तिला येतो. इकडच्या बाजूला बोट फिरवलं, मग तिकडच्या.

"मग तिला तू कुठं लिहिलंस, आई?"